तळ्याचा कारभार

दक्षिण कोकणातल्या आमच्या घरामागे, माडांच्या आणि पोफळींच्या सावलीत, पणजोबांनी बांधलेले एक चिरेबंदी तळे आहे. लांबी साठ फूट, रुंदी तीस फूट, उत्तरेच्या अंगाला उतरत्या पायऱ्या, आणि पावसाळ्यात पाणी चढले म्हणजे मधोमध दीड पुरुष खोली, एवढाच त्याचा विस्तार. पण घरातल्या चार पिढ्यांची मुले पाठीला वाळलेला भोपळा बांधून ह्याच पाण्यात हातपाय मारायला शिकली, आणि मे महिन्याच्या सुटीत मुंबई-पुण्याहून येणारे नातलग माणसांची खुशाली विचारण्याआधी तळ्यात पाणी किती आहे हे विचारीत. काही वर्षांपूर्वी एका चैत्रात ह्या तळ्यावर दाट हिरवी साय धरली. पाण्याला वास येऊ लागला, पायऱ्या बुळबुळीत झाल्या, तिन्हीसांजेला डास उठू लागले, एका दुपारी खालच्या पायरीवर एक पाणदिवड अंग पसरून पडलेली दिसली, आणि घरातल्या सर्वांनी एकमुखाने ठरवले की तळ्यातल्या ह्या नकोशा मंडळींचा एकदाच काय तो बंदोबस्त करून टाकावा. तो बंदोबस्त मीच केला. पोफळींवरच्या फवारणीसाठी आणलेले मोरचूद कोठीत शिल्लक होते. ते अदमासाने विरघळवून मी तळ्यात ओतले.

चौथ्या दिवशी पाणी नितळ झाले, तळाचे चिरे दिसू लागले आणि घरात समाधान पसरले. सातव्या दिवशी पहाटे बारीक मासे पोट वर करून काठाला लागले, त्यांच्यामागून बेडकांची शेपटीवाली पिले आली, आणि मग सगळे पाणी कुजक्या पाल्यासारखे घाणेरू लागले. मेलेले शेवाळ तळाशी बसून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपवते, आणि मोरचुदातले तांबे जांभ्या दगडातून पाझरणाऱ्या आमच्या मृदू पाण्यात, चुनखडीच्या जड पाण्यापेक्षा कितीतरी अधिक जहाल ठरते, हे मला त्यानंतर समजले. अदमास चुकला होता हे खरे. पण अदमास नेमका ठरला असता तरी उपाय चुकलेलाच राहिला असता, ह्याची खात्री पुढल्या वर्षाने दिली. त्या वर्षी शेवाळ फाल्गुनातच आले आणि अधिक दाट आले, डास वाढले, आणि त्या पाण्यावर पिढ्यान् पिढ्या गस्त घालणारे चतुर मात्र कोठे दिसेनात. ज्यांना घालवण्यासाठी मी विष ओतले ते परतले होते, आणि ज्यांनी त्यांना आवर घातला असता ते नाहीसे झाले होते.

ह्या प्रसंगाचा जो विचार मी पुढे अनेक वर्षे करीत आलो, त्यातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसू लागली. ‘नकोसा’ हे विशेषण आपण जिवाला लावतो, जणू काय काळेपणा कावळ्याच्या अंगी असावा तसा नकोसेपणा त्या जिवाच्या अंगीच आहे. वस्तुतः ते आपल्या आणि त्याच्या संबंधाचे वर्णन असते, आणि हे संबंध एका जातीचे नसतात. शेवाळ, डास, पाणदिवड, जलपर्णी आणि रोगकारक कृमी ह्या सर्वांविरुद्ध आपण एकच फिर्याद गुदरतो आणि सर्वांना एकच शिक्षा मागतो. दिवाणी आणि फौजदारी दावे एकाच कागदावर लिहून आणणाऱ्या पक्षकाराला जसा न्याय मिळू शकत नाही, तसा अशा फिर्यादीतून तळ्यालाही मिळत नाही. माझे प्रतिपादन असे आहे की परसातल्या पाण्याचा कारभार ही मुख्यतः हत्येची बाब नसून चौकशीची आणि हिशेबाची बाब आहे. प्रत्येक जिवाची कैफियत स्वतंत्रपणे ऐकावी, जो परिणाम असेल त्याचे कारण दूर करावे, जो जुना वतनदार असेल त्याच्या वहिवाटीला मान द्यावा, आणि जो खरोखर घुसखोर किंवा घातकी ठरेल त्याला मात्र कसलीही भीड न बाळगता काढावे.

प्रथम शेवाळाची कैफियत ऐकू. शेवाळ म्हणजे तळ्याच्या जमाखर्चातली शिल्लक होय. वनस्पतीला जी अन्नद्रव्ये लागतात त्यांपैकी बहुतेक पाण्याला हवेतून आणि मातीतून सहज मिळतात. अडून राहते ते बहुधा स्फुरद. १९७३ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात डेव्हिड शिंडलर आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २२६ क्रमांकाच्या एका लहान सरोवराचे, मधल्या अरुंद जागी पडदा ताणून, दोन भाग केले. एका भागात कर्ब आणि नत्र घातले, आणि दुसऱ्या भागात त्यांच्याच जोडीला स्फुरद घातले. पहिला भाग निवळ राहिला आणि दुसरा अल्पावधीत गर्द हिरवा झाला. तोळाभर स्फुरदातून सुमारे पाचशे तोळे ओले शेवाळ उभे राहू शकते, हे ध्यानात घेतले म्हणजे तळ्याचा मालक कोणत्या बाबतीत दक्ष असला पाहिजे हे निराळे सांगावे लागत नाही. मोरचुदाने मी शेवाळ मारले, पण त्यातला स्फुरद मारला नव्हता. तो मारता येतही नाही. मेलेल्या शेवाळातून सुटून तो पुन्हा पाण्यात मिसळला आणि पुढल्या हंगामाच्या शेवाळाचे भांडवल झाला.

मग आमच्या तळ्यात तो येत होता कोठून? एका पावसाळ्यात डोक्यावर इरले घेऊन मी तळ्याभोवती हिंडलो तेव्हा हे कोडे उलगडले. पूर्वी गोठ्याचे धुवण पोफळींच्या आळ्यांत जाई. गोठ्याला सिमेंटची फरशी केल्यापासून उताराची दिशा बदलली होती आणि मुसळधार पावसात शेणमुताचे ते पाणी सरळ तळ्यात उतरत होते. माडांच्या मुळाशी घातलेल्या मिश्रखताचा काही अंश त्याच वाटेने येत होता. पायऱ्यांवर आता राखेऐवजी साबणाच्या पुडीने धुणे होत होते, आणि अशा काही पुड्यांत स्फुरदाचे क्षार असतात. पोफळींची झावळे आणि आंब्याचा पाचोळा पाण्यात पडून तळाशी वीतभर काळा गाळ साचला होता, कारण दर वैशाखात गाळ उपसण्याची आजोबांच्या वेळची शिस्त गडी मिळेनासे झाल्यापासून बंद पडली होती. ह्यात भर म्हणून मुलांनी माशांना रोज भाताची शिते टाकण्याचा नेम धरला होता. एवढी जमा आणि खर्चाच्या बाजूस काहीच नाही, अशी त्या खात्याची स्थिती होती. आणि तिचा दोष आम्ही शेवाळावर लादला होता.

ज्या परंपरेत आपण वाढलो तिला ही गोष्ट सर्वस्वी अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणाऱ्या सात द्रव्यांची गणना केली आहे. तीत कतक म्हणजे आपली निवळीची बी आणि गाळायचे वस्त्र ह्यांच्या जोडीला कमळाच्या कंदाचा आणि शैवालाच्या मुळाचाही समावेश आहे. ज्या वनस्पतीला आपण घाण म्हणून उपटतो तिलाच प्राचीन वैद्याने पाण्याचे प्रसाधन मानावे, ह्यात मला विरोध दिसत नाही. ‘शैवाल’ ह्या एका नावाखाली आपण दोन भिन्न गोष्टी घालतो. मुळे धरून पाण्याखाली डोलणारी पाणवनस्पती निराळी, आणि पाण्याला हिरवी शाई कालवल्यासारखे करणारे सूक्ष्म शेवाळ निराळे. पहिली दुसऱ्याची प्रतिस्पर्धी आहे. ती त्याचे अन्न आधी खाते, गाळाला धरून ठेवते आणि पाण्याला प्राणवायू देते. तळ्यातली सगळी हिरवळ उपटून काढणारा मनुष्य ह्या स्पर्धेत दुर्बळ पक्षाला आयता विजय मिळवून देतो.

ह्याच तत्त्वावर युरोपात पोहण्याच्या तळ्यांची एक सबंध विद्या उभी राहिली आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियात घरामागच्या बागेतून अशी तळी बांधली जाऊ लागली: अर्धी जागा पोहणाऱ्यांची आणि अर्धी जागा वनस्पतींची, मध्ये पाण्याखाली राहणारी एक भिंत, वनस्पतींच्या भागात बारीक खडीचा थर, आणि त्या खडीतून व मुळांतून संथपणे फिरून स्वच्छ होणारे पाणी. त्यात क्लोरीन नाही आणि मोरचूदही नाही. पुढे जर्मनीत अशी शंभरावर सार्वजनिक स्नानगृहे झाली, आणि स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळच्या रीहेन येथे २०१४ साली हेर्झोग आणि द म्यूरॉन ह्या विख्यात वास्तुशिल्पींनी आराखडा केलेले तसलेच स्नानगृह लोकांसाठी खुले झाले. त्या तळ्यांच्या व्यवस्थेतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मला खडी किंवा पंप ही वाटत नाही. दरवर्षी शरदात तिथले लोक पाणवनस्पती कापून पाण्याबाहेर काढतात, ही वाटते. जी काडी कापून बाहेर नेली तिच्याबरोबर तिने शोषलेला स्फुरद बाहेर गेला. जी पाण्यातच कुजली तिने तो परत केला. खर्चाच्या रकान्यात पडणारी मुख्य नोंद ती हीच.

आपल्याकडे ह्या तत्त्वाचा प्रत्यय पाहायचा तर परदेशी जाण्याचे कारण नाही. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले जे तलाव आहेत, त्यांतल्या अनेकांना बेशरम ह्या दक्षिण अमेरिकेतून आलेल्या झुडपाने वेढून टाकले होते. तेथील ढिवर मच्छीमारांनी ते झुडूप मुळासकट खणून काढले, उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळाची नांगरट केली, आणि येथेच न थांबता पूर्वी त्या तलावात असलेल्या पाणवनस्पती आठवून, शोधून, परत आणून लावल्या. त्यांच्यामागून देशी मासे परतले. उपटणे आणि लावणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या लोकांना पिढीजात जाणतेपणाने ठाऊक होते. नुसते उपटलेले पाणी रिकामे राहत नाही. आपण न बोलावलेला कोणीतरी तेथे राहायला येतो.

तथापि ऑस्ट्रियातील नमुना जसाच्या तसा आपल्या परसात उतरवता येईल असे मानणे ही दुसरी चूक होईल. १० अंश उष्णतेच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे आपल्या वैशाखातल्या तळ्याचा श्वास मुळातच तोकडा असतो आणि कुजण्याची क्रिया मात्र उष्णतेने वेग घेते. तिथल्या हिवाळ्यात पाणी गोठून कीटकांच्या पिढ्यांना खंड पडतो. आपल्याकडे तो पडत नाही. म्हणून आपल्या तळ्याला सावली अधिक हवी, वनस्पतींचा भाग मोठा हवा, गाळाची उपसणी वर्षाला हवी, आणि डासांची तजवीज तर पहिल्या दिवसापासून हवी.

डासांचा दावा गंभीर आहे, आणि निसर्गावरच्या प्रेमापोटी तो हसण्यावारी नेणे मला अपराधासारखे वाटते. १८९७च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस ह्यांनी डासाच्या जठरात हिवतापाचा जंतू पाहिला. पुढे मुंबईतील हिवतापाची चौकशी बेंटली ह्यांनी केली, आणि १९११च्या त्यांच्या अहवालाने घरोघरच्या विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टीफेन्सी ह्या डासाकडे बोट दाखवले. त्यानंतर शहरातील असंख्य विहिरी बुजवल्या वा झाकल्या गेल्या. पारशी समाजाने आपल्या धर्माचारासाठी विहिरींची बाजू मांडली, आणि तो वाद बराच काळ चालला. दाट वस्तीच्या त्या शहरात विहिरी झाकण्याचा निर्णय चूक होता असे मी म्हणणार नाही. पण त्या चौकशीतून घेण्याजोगा धडा पाणी बुजवण्याचा नसून नेमकेपणाचा आहे: कोणता डास, कोणत्या पाण्यात, किती दिवसांत वाढतो हे आधी जाणावे. डेंग्यूचा डास मोठ्या तळ्याच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला पिंप, कुंडीखालची बशी, टायर आणि करवंटी प्रिय. आमच्या वाडीत ज्या आठवड्यात आम्ही तळ्यावर मोरचूद ओतले त्याच आठवड्यात पोफळीच्या गळून पडलेल्या विऱ्यांमध्ये वळवाचे पाणी साचून शेकडो अळ्या वळवळत होत्या, आणि त्यांच्याकडे कोणी पाहिलेही नव्हते. अंड्यापासून पंख फुटेपर्यंत डासाला आपल्या हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळण्याचा सरकारी आरोग्यखात्याचा उपदेश शास्त्रशुद्ध आहे, आणि तळ्याच्या मालकाने तो इतरांपेक्षा अधिक निष्ठेने पाळला पाहिजे. तळ्यापुरते बोलायचे तर अळीला निवांत, उथळ, शेवाळाने झाकलेला कोपरा लागतो. काठ उभा आणि मोकळा ठेवला, पाणी हलते ठेवले, आणि चतुरांची पिले व पृष्ठालगत हिंडणारे, कपाळावर चांदीचा ठिपका असलेले आपल्या ओढ्यांतले बारीक मासे जिवंत राहू दिले, तर अळीला थारा उरत नाही. ह्याच पहारेकऱ्यांना मी विष घातले होते.

पहारेकरी बाहेरून आणण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ साली गॅम्बुशिया हा अमेरिकी मासा हिंदुस्थानात आणला गेला. त्याने अळ्यांबरोबर बेडकांची पिले, चतुरांची पिले आणि देशी माशांची अंडीही खाल्ली. अन्नासाठी १९५२ साली तिलापिया आला, ज्याला आपले मच्छीमार चिलापी म्हणतात. तो आज कोणत्या नदीत नाही असे विचारावे लागते. पाणवनस्पती खाण्यासाठी १९५९ साली गवत्या मासा आला. तो वनस्पती खातो हे खरे, पण खाल्ल्यातला मोठा भाग न पचवताच पाण्यात सोडतो, आणि मग त्या खतावर सूक्ष्म शेवाळ माजते. ह्या तिघांनाही सद्हेतूनेच पाचारण केले होते, आणि ऑस्ट्रेलियाने १९३५ साली उसावरच्या भुंगेऱ्यांसाठी जो मोठा भेक आणला त्याच्याही बाबतीत हेतू चांगलाच होता. एका नकोशासाठी दुसरा परका आणणाऱ्याला त्या परक्याला परत पाठवण्याची सनद कोणी देत नाही. गप्पी मासे बंद टाकीत सोडण्यास माझी हरकत नाही. पण ज्या तळ्याचे पाणी पावसाळ्यात ओढ्याला मिळते त्यात ते सोडताना मनुष्य आपल्या हद्दीबाहेरच्या पाण्यावरही निकाल देत असतो.

येथेच खऱ्या घुसखोरांचा विचार येतो. जलपर्णी ही दक्षिण अमेरिकेतली. तिच्या जांभळ्या तुऱ्यांच्या मोहाने माणसाने ती खंडोखंडी नेली, आणि बंगालच्या जलमार्गांची तिने अशी कोंडी केली की १९३६ साली तेथे तिच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. अनुकूल पाण्यात तिचा पसारा दोनेक आठवड्यांत दुप्पट होतो आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे तग धरते. पुण्याच्या मुळा-मुठेत आणि पवनेत ती दरवर्षी काढली जाते व दरवर्षी परतते, कारण घुसखोर असूनही ती त्या नद्यांच्या सांडपाण्याचा परिणामही आहे, आणि ते सांडपाणी तसेच वाहत असते. परसातल्या तळ्यात मात्र हयगयीला सबब नाही: जलपर्णीचे पहिले रोप दिसताच हाताने, मुळासकट, तुकडा न राहू देता काढावे, काठापासून लांब वाळवावे आणि खतात घालावे. काचेच्या हंडीत पाळून कंटाळा आलेले सकर मासे किंवा लाल कानाची परदेशी कासवे तळ्यात अगर ओढ्यात ‘मुक्त’ करण्याला काही लोक भूतदया समजतात. उजनीच्या धरणात जाळी फाटलेल्या मच्छीमारांना त्या भूतदयेची किंमत विचारावी. येथे कठोरपणा हेच कर्तव्य आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

त्याहून कठोर प्रसंग म्हणजे रोगाचा. पूर्वीचे सगळे पाणी पवित्र आणि निरोगी होते असे मानणाऱ्याने नारूचा इतिहास वाचावा. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून आपण पाणी भरत होतो. नारू झालेल्याच्या पायातला जंतू पाण्याचा स्पर्श होताच आपली पिले सोडी, ती सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म पाणकिड्याच्या पोटात जात, आणि ते पाणी पिणाऱ्याच्या अंगातून वर्षभराने हातभर लांबीचा नवा नारू बाहेर पडे. ह्या रोगावर ना लस होती ना औषध. तरीही १९८३-८४च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने तो घालवला. १९९६च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. पायऱ्या बंद करून पाणी वरून शेंदायला लावणे, पिण्याचे पाणी फडक्याने गाळणे, रोग्याला पाण्यात उतरू न देणे आणि जेथे अवश्य तेथेच मोजून औषध टाकणे, अशा साध्या उपायांनी साखळीचा एक दुवा तोडला गेला. विहिरीतला एकूण एक जीव मारावा लागला नाही. आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात पाण्यात उतरणाऱ्यांच्या मूत्रमार्गात शिरणारा शिस्टोसोमा कृमी गाडगीळ आणि शहा ह्या संशोधकांनी १९५२ साली प्रकाशात आणला, आणि फेरिसिया नावाची एक चिमुकली गोगलगाय त्याची वाहक म्हणून पुढे आली. शोध इतका सूक्ष्म झाला, म्हणूनच दोष कोणाचा हे नक्की सांगता आले. ह्या दोन्ही उदाहरणांत जीवमात्राविषयी भाबडेपणा नाही आणि सरसकट संहारही नाही. आहे ते ज्ञान, आणि ज्ञानानुसार केलेली नेमकी कृती. आजच्या तळ्यालाही हीच रीत लागू आहे. लेप्टोस्पायरोसिस उंदराच्या मूत्रातून येतो, म्हणून काठाशी नारळाची सोडणे आणि धान्य साठवू नये आणि पायाला जखम असता पावसाळी पाण्यात उतरू नये. तापलेल्या उथळ गढूळ पाण्यात नाकावाटे मेंदूत शिरणारा एक अमीबा असतो, म्हणून उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी खाली गेले की मुलांचे पोहणे बंद ठेवावे.

उरले जुने वतनदार. बेडूक, पाणदिवड, खंड्या, ढोकरी, पाणकोंबडी ह्यांची ह्या पाण्यावरची वहिवाट आपल्या सातबाऱ्याहून जुनी आहे. बेडकाची पिले दगडावरचे शेवाळ खरवडून खातात आणि मोठा बेडूक कीटक खातो. परदेशी पाठवण्यासाठी त्याच्या तंगड्या तोडण्याचा व्यापार सरकारने १९८७ साली बंद केला तो उगीच नव्हे. पाणदिवड बिनविषारी आहे. ती चिडली तर चावते, हेही खरे. पण तिला मारण्याचा अधिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्याला ठेवलेला नाही, आणि त्या कायद्यावाचूनही तो आपल्याला नव्हता असे मी मानतो. तिच्याशी तडजोड सोपी आहे: पायऱ्यांभोवती दोन हात जागा निवळ ठेवावी, दगडांच्या फटी चुन्याने बुजवाव्यात, उतरण्यापूर्वी काठीने पाणी हलवावे. ती आपणहून दूर होते. रात्रीच्या बेडूकरवाने झोपमोड होते ही तक्रार मात्र मी तक्रार मानीत नाही. ज्याला पाणी हवे त्याला पाण्याचा आवाज नको, ही मागणी न्यायाची नाही.

ह्यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. एवढी चौकशी, एवढी दर वर्षाची मेहनत, आजच्या संसारात कोणाला परवडणार? औषधाची पुडी दहा मिनिटांत काम करते. माझे उत्तर असे की ती काम करीत नाही. ती काम पुढे ढकलते आणि थकबाकीवर व्याज चढवते. आमच्या तळ्याला नंतर लागले ते एवढेच: गोठ्याच्या उतारावर आडवा चर खणून धुवण पुन्हा पोफळींकडे वळवले, पायरीवरचे धुणे विहिरीच्या डोणीकडे नेले, पश्चिमेचा एक तृतीयांश भाग चिऱ्यांच्या बुटक्या भिंतीने वेगळा करून त्यात पाणकणीस, लव्हाळे आणि कुमुद लावले, वर्षातून दोनदा ते कापले, वैशाखात गाळ उपसून माडांच्या आळ्यांत घातला, जेथे स्फुरद दोष न राहता पुन्हा धन झाला. ह्या साऱ्याला वर्षाकाठी दहा-बारा दिवसांचे श्रम पडतात. पहिल्या वर्षी फरक दिसला नाही, दुसऱ्या वर्षी शेवाळ वैशाखापर्यंत लांबले, तिसऱ्या वर्षी ते काठापुरते उरले. चतुर कोणी आणले नाहीत. ते आपले आले.

ज्यांच्या परसात पाणी आहे, मग ते तळे असो, विहीर असो वा नव्याने बांधलेला पोहण्याचा हौद असो, त्यांना माझे हेच सांगणे आहे. कोणताही जीव नकोसा ठरवण्यापूर्वी एक सबंध वर्ष काठावर बसून वही ठेवा: काय येते, कोठून येते, कोणत्या महिन्यात येते, कोण कोणाला खाते. पहिल्या मोठ्या पावसात घराबाहेर पडा आणि पाणी तळ्यात कोणत्या वाटेने उतरते ते आपल्या डोळ्यांनी पाहा. विष हा शेवटचा उपाय आहे, आणि वही नीट ठेवणाऱ्यावर शेवटच्या उपायाची पाळी फार क्वचित येते. आमच्या वहीत ह्या वर्षीच्या वैशाखातली नोंद अशी आहे: पाणी चार हात, तळाचा चिरा दिसतो, मासे भरपूर, पाणदिवड एक.